मिनीडीव्ही कॅसेटींतील चित्रीकरण आणि घरातील छायाचित्रे संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी घ्यावीत?

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार.

माझी आजी जात्यावर बसून ओव्या म्हणत असे आणि काका सुट्टीला गावी आले की हँडीकॅमवर त्या टिपून ठेवत असत. हे सगळे चित्रीकरण २००३ ते २००७ या काळातले आहे. आजी आता नाही, आणि वाई तालुक्यातील आमच्या गावात तिच्याबरोबर गाणाऱ्या बायकांपैकीही मोजक्याच उरल्या आहेत. म्हणून या ओव्या, गावची जत्रा आणि घरातील जुनी छायाचित्रे एकत्र करून पाऊण तासाची एक चित्रफीत तयार करावी, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे.

हाताशी असलेली सामग्री तीन प्रकारची आहे. पहिला प्रकार म्हणजे मिनीडीव्हीच्या वीस-पंचवीस कॅसेटी. त्यांतील बहुतेक भारतात घेतलेल्या सोनीच्या हँडीकॅमवर चित्रित झाल्या आहेत, तर काही कॅसेटी न्यू जर्सीला राहणाऱ्या आत्याने तिच्या तिकडच्या कॅमेऱ्यावर भरल्या आहेत. दुसरा प्रकार २०१० नंतरच्या मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्याचा असून त्याच्या फाइलींना एमटीएस असे शेपूट आहे. तिसरा प्रकार छायाचित्रांचा. त्यात अल्बममधील कृष्णधवल आणि रंगीत प्रिंट आहेत, हँडीकॅमच्या मेमरी स्टिकवरचे फोटो आहेत आणि नातवंडांच्या आयफोनमधले फोटोही आहेत.

अडचण पहिल्या पायरीवरच आहे. हँडीकॅम चालतो, कॅसेट त्याच्या पडद्यावर नीट दिसते, परंतु यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडल्यावर फक्त मेमरी स्टिकवरचे फोटो उघडतात आणि कॅसेटीवरचे काहीच दिसत नाही. मध्यंतरी एका स्टुडिओकडून दोन कॅसेटींची डीव्हीडी करून घेतली. तिच्यात जात्याचा खुंटा धरून हात फिरू लागला की त्याच्या कडांना कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात आणि चेहरेही बसके, रुंद झाले आहेत. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. संकलनासाठी शॉटकट हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घेतले आहे.

कॅसेटी संगणकावर कशा घ्याव्यात, स्टुडिओच्या डीव्हीडीवरूनच पुढे जावे की सगळे पुन्हा करावे, आणि छायाचित्रे चित्रीकरणात कशी बसवावीत, याविषयी जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १ : जुनासंकलक

सगळे पुन्हा करा, आणि कॅसेटीपासून करा. त्याचे कारण समजले की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सुटतील, म्हणून ते आधी सांगतो.

मिनीडीव्हीच्या कॅसेटीत फीत असली, तरी तिच्यावर नोंदलेले चित्र व्हीएचएससारखे अ‍ॅनालॉग नाही. १९९५ साली बाजारात आलेल्या डीव्ही या पद्धतीत कॅमेरा चित्रीकरणाच्या क्षणीच चित्राचे आणि आवाजाचे आकड्यांत रूपांतर करतो आणि फितीवर ते आकडेच उमटतात. ते जसेच्या तसे संगणकात उतरले, तर तुमच्याकडची फाइल आणि काकांनी त्या दिवशी टिपलेले चित्र यांच्यात तसूभरही फरक राहत नाही. स्टुडिओने बहुधा कॅमेऱ्याची पिवळी, लाल आणि पांढरी केबल डीव्हीडी रेकॉर्डरला जोडली असावी. त्या वाटेने आकड्यांचे पुन्हा अ‍ॅनालॉग संकेत होतात, त्यांचे पुन्हा आकडे होतात आणि वर एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या पद्धतीत ते दाबून लहान केले जातात. एका तासाच्या डीव्ही चित्रीकरणाला सुमारे १३ जीबी जागा लागते, तर साध्या डीव्हीडीची सगळी क्षमताच ४.७ जीबी असते. त्यामुळे डीव्हीडी नातेवाइकांना पाहायला द्यावी, संकलनाचा आधार म्हणून ती वापरू नये. बाजारात मिळणारे, पिवळ्या-लाल-पांढऱ्या केबलीचे स्वस्त यूएसबी कॅप्चर (चित्रीकरण संगणकात उतरवून घेण्याचे) उपकरणही याच कारणाने टाळावे.

आता यूएसबीबद्दल. तुमच्या काळातील बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबीची सोय मेमरी स्टिकवरचे फोटो उतरवण्यासाठी, आणि फार तर कमी दर्जाचे चित्र वेबकॅमसारखे पाठवण्यासाठी दिलेली असे. फितीवरचे डीव्ही बाहेर काढण्यासाठी वेगळे छिद्र असते. सोनीच्या कॅमेऱ्यावर त्याच्या शेजारी 'आय-लिंक' किंवा 'डीव्ही' असे लिहिलेले असते आणि ते चार पिनांचे, अगदी लहान असते. यालाच फायरवायर किंवा १३९४ म्हणतात. एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी असलेली एक स्वस्त केबल ऑनलाइन दुकानांत सर्रास दिसते. ती घेऊ नका. फायरवायर आणि यूएसबी यांची संदेशाची रीतच वेगळी असल्यामुळे नुसत्या तारा जोडून एकाचे दुसरे होत नाही.

तुमच्या नव्या लॅपटॉपला फायरवायर नसणार. मग तीन वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे घरात किंवा ओळखीत २००४ ते २०१० च्या सुमाराचा लॅपटॉप पडून आहे का, ते पाहणे. त्या काळातील अनेक लॅपटॉपांच्या कडेला '१३९४' असे लिहिलेले लहानसे छिद्र असे, आणि सोनीच्या वायो लॅपटॉपांत तर ते सहज आढळते. कॅप्चर करण्याला वेगवान संगणक लागत नाही. डीव्हीचा प्रवाह सेकंदाला जेमतेम ३.६ एमबी एवढाच असतो आणि विंडोज एक्सपीच्या काळातील यंत्र तो निर्धोक पेलते.

दुसरी वाट डेस्कटॉपची. त्याच्या पीसीआय एक्सप्रेस खोबणीत फायरवायरचे कार्ड बसवता येते. शक्य असेल तर टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेले कार्ड निवडा, कारण जुन्या उपकरणांशी त्याचे चांगले जमते. विंडोज १० किंवा ११ वर कार्ड ओळखले गेले तरी कॅमेरा कधी कधी दिसत नाही. अशा वेळी मायक्रोसॉफ्टने स्वतंत्रपणे उपलब्ध करून दिलेला जुना, 'लेगसी' म्हणून ओळखला जाणारा १३९४ ड्रायव्हर बसवून डिव्हाइस मॅनेजरमधून तो निवडावा लागतो.

तिसरी वाट मॅकची, पण तिच्यावर आता अवलंबून राहू नये असे माझे मत आहे. थंडरबोल्ट या मॅकवरील जोडणीवरून फायरवायरकडे नेणाऱ्या जोडांच्या साखळीने अलीकडच्या मॅकवरही कॅप्चर करता येत असे, मात्र २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस २६ मधून अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला आहे. जुना, स्वतःचे फायरवायर छिद्र असलेला मॅक मिळाला तर तो उत्तम.

केबल जोडताना कॅमेरा बंद असू द्या. संगणकाच्या बाजूचे सहा पिनांचे छिद्र वीजही पुरवते, आणि तो प्लग उलटा रेटल्यामुळे कॅमेऱ्याचे डीव्ही छिद्र जळाल्याची उदाहरणे आमच्या व्यवसायात पुष्कळ आहेत. कॅमेरा बॅटरीवर न ठेवता अ‍ॅडॅप्टरवर ठेवा आणि 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' स्थितीत न्या.

कॅसेट घालण्याआधी तिच्या पाठीवरची लहान पट्टी 'सेव्ह'कडे सरकवा, म्हणजे चुकून वर काही चित्रित होणार नाही. वर्षानुवर्षे न हललेली फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, त्यामुळे तिचा ताण सारखा होतो. पावसाळ्यात, किंवा वातानुकूलित खोलीतून कॅमेरा बाहेर आणल्यावर, पडद्यावर थेंबाचे चिन्ह दिसले तर कॅसेट काढून झाकण उघडे ठेवा आणि कॅमेरा कोरडा होईपर्यंत थांबा. फीत ज्याच्याभोवती फिरते त्या ओलसर ड्रमला ती चिकटली की ती फाटते. कॅसेटीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅमेऱ्यात मुळीच घालू नका, कारण ती बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटीत जाते. अशी कॅसेट अनुभवी माणसाकडूनच साफ करून घ्यावी.

विंडोजवर कॅप्चरसाठी विनडीव्ही हे जुने, अगदी लहान आणि मोफत सॉफ्टवेअर मला आजही सर्वांत भरवशाचे वाटते. ते चित्राला हात लावत नाही, फितीवरचा प्रवाह फक्त एव्हीआय फाइलीत ठेवते. त्यात 'टाइप-२' हा पर्याय निवडा. टाइप-२ मध्ये आवाजाचा वेगळा प्रवाह असतो आणि त्यामुळे आजच्या बहुतेक सॉफ्टवेअरना तो नीट वाचता येतो. कॅमेऱ्याने प्रत्येक चौकटीबरोबर (फ्रेमबरोबर) तारीख आणि वेळ अदृश्यपणे नोंदलेली असते. त्या वेळेत खंड दिसला की नवी फाइल सुरू करण्याची आणि ती तारीख फाइलीच्या नावात घालण्याची सोय विनडीव्हीत आहे. तुमच्या बाबतीत ही सोय अमूल्य आहे, कारण कोणती ओवी कोणत्या साली, कोणत्या दिवशी टिपली, हे घरात कोणाला आठवत नसले तरी फितीला ठाऊक आहे, अर्थात काकांनी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले असेल तर.

तासाभराची कॅसेट उतरायला तासच लागतो, त्यात घाई होत नाही. तेवढा वेळ संगणकावर दुसरे काम करू नका आणि गळालेल्या (उतरवताना सुटलेल्या) चौकटींचा आकडा शून्यच राहतो आहे ना, ते पाहत राहा. फाइली साठवायची हार्ड डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीची असावी, कारण एफएटी-३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल राहत नाही.

चित्रात चौकोनी ठिपके आले आणि ते दर वेळी वेगळ्या ठिकाणी आले, तर बहुधा हेड मळलेले असते. साफसफाईची कोरडी कॅसेट तिच्यावर लिहिलेल्या मोजक्या सेकंदांपुरतीच चालवा, कारण ती हेड घासते. ठिपके नेमक्या त्याच जागी पुन्हा पुन्हा येत असतील, तर दोष फितीचा आहे. कॅसेट 'एलपी' या सावकाश गतीवर भरलेली असेल तर ती ज्या कॅमेऱ्यावर चित्रित झाली त्याच कॅमेऱ्यावर चालवून पाहा, कारण एलपीत फितीवरचे पट्टे अरुंद असतात आणि दुसरा कॅमेरा ते वाचताना अडखळतो.

कृष्णाकाठ

इतक्या तपशिलाने लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मामेभावाकडे फायरवायरचे छिद्र असलेला जुना लॅपटॉप आहे, त्यामुळे पहिली वाट मोकळी झाली. आणखी दोन गोष्टी विचारते. आत्याच्या कॅसेटी आमच्या हँडीकॅममध्ये घातल्या तर आवाज नाही, चित्र नाही, निव्वळ निळा पडदा दिसतो, त्या खराब झाल्या आहेत का? आणि कॅप्चर झाल्यावर शॉटकटमध्ये घेण्यापूर्वी सगळ्या फाइली एमपी-४ करून घ्याव्यात का? तशा त्या लहान होतील, असे भाऊ म्हणतो.

प्रतिसाद २ : मुक्तसंगणक

आत्याच्या कॅसेटी खराब झाल्या आहेत असे समजू नका. अमेरिकेतील कॅमेरे एनटीएससी या टीव्ही-चित्राच्या पद्धतीचे असतात आणि भारतातील पाल या पद्धतीचे. पाल डीव्हीची चौकट ७२० × ५७६ बिंदूंची असते आणि सेकंदाला २५ चौकटी असतात, तर एनटीएससीची चौकट ७२० × ४८० ची असून सेकंदाला २९.९७ चौकटी असतात. भारतात विकलेला बहुतेक हँडीकॅम एनटीएससी फीत वाचत नाही. आत्याचा जुना कॅमेरा तिच्या घरी अजून असेल तर तो मागवून घ्या, किंवा तिलाच तिकडे वरीलप्रमाणे कॅप्चर करून हार्ड डिस्क पाठवायला सांगा. हार्ड डिस्क पाठवली, तरी मूळ कॅसेटी तिने सांभाळून ठेवाव्यात.

एमपी-४ बद्दल माझे म्हणणे स्पष्ट आहे. कॅप्चर केलेल्या डीव्ही फाइली हा तुमचा मूळ ठेवा आहे आणि त्यांना कधीही हात लावू नये. त्या एका डिस्कवर ठेवा, दुसऱ्या डिस्कवर त्यांची प्रत करा आणि ती प्रत शक्यतो दुसऱ्या घरात ठेवा. वीस-पंचवीस कॅसेटींचे मिळून अडीचशे ते सव्वातीनशे जीबी होतील, आणि आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने ती जागा फार नाही. शॉटकट, केडेनलाइव्ह किंवा दा विंची रिझॉल्व्ह यांना डीव्ही फाइल थेट उघडता येते, त्यामुळे संकलनासाठी एमपी-४ करण्याची मुळात गरज नाही. शिवाय डीव्हीत प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे साठवलेली असल्यामुळे कापताना आणि मागे-पुढे सरकताना ती एमपी-४ पेक्षा हलकी जाते.

डीव्हीडीत दिसलेल्या कंगव्याच्या रेघांचे मूळ मात्र समजून घ्या, कारण ते तुमच्या स्वतःच्या फाइलीतही दिसेल. हँडीकॅम एक अखंड चित्र घेत नाही. तो सेकंदाच्या पन्नासाव्या भागात एक सोडून एक अशा ओळी टिपतो आणि पुढच्या पन्नासाव्या भागात उरलेल्या ओळी टिपतो. जुन्या टीव्हीवर या दोन अर्ध्या चित्रांची गुंफण डोळ्याला जाणवत नसे. संगणकाचा पडदा दोन्ही एकदम दाखवतो, आणि मधल्या काळात हात हललेला असल्यामुळे कडा फाटलेली दिसते. यावर उपाय म्हणजे डीइंटरलेसिंग, म्हणजेच या अर्ध्या चित्रांतून पुन्हा अखंड चित्रे तयार करणे. डीव्हीत खालची ओळ आधी असते, तर तुमच्या एमटीएस फाइलींत, त्या इंटरलेस्ड असतील तर, वरची ओळ आधी. शॉटकटमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत ही माहिती बरोबर वाचली गेली आहे ना, ते पाहा. तेथे चूक असेल तर हालचाल पुढे-मागे थरथरल्यासारखी दिसते.

हालचालीचा मूळचा ओघ पूर्ण हवा असेल, तर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेससाठी 'बॉब' हा पर्याय निवडून सेकंदाला ५० चौकटींची कामचलाऊ प्रत तयार करा आणि संकलनाचा प्रोजेक्टही ५० चौकटींचा ठेवा. जाते फिरताना, लेझीम खेळताना किंवा पालखी नाचवताना २५ आणि ५० मधला फरक ठळकपणे जाणवतो. एमपी-४ ची जागा असलीच तर ती येथे, एका कामापुरत्या प्रतीत, आणि तीही उच्च दर्जाची.

चेहरे रुंद दिसण्याचे कारण वेगळे आहे. डीव्हीचे बिंदू चौरस नसतात. ७२० × ५७६ ची चौकट पाहताना ४:३ या प्रमाणात म्हणजे साधारण ७६८ × ५७६ एवढी दिसली पाहिजे, आणि कॅमेरा वाइड स्थितीत असेल तर १०२४ × ५७६ एवढी. तुमच्या स्टुडिओने ४:३ चे चित्र १६:९ च्या पडद्यावर ताणलेले दिसते. १९२० × १०८० च्या प्रोजेक्टमध्ये ४:३ चे चित्र १४४० × १०८० एवढ्या जागेत मावते आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्याव्यात. पट्ट्या घालवण्यासाठी चित्र ताणले तर माणसे बिघडतात, आणि वरून-खालून कापले तर जात्यावर बसलेल्या बाईचे डोके किंवा हात यांपैकी काहीतरी जाते.

आत्याचे चित्रीकरण याच टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने मांडण्याच्या पट्टीवर) घेता येईल, परंतु २९.९७ वरून ५० वर येताना हालचालीत थोडा अडखळेपणा येतो. त्या कॅसेटींतील शांत, स्थिर प्रसंग निवडल्यास तो जाणवणार नाही. २९.९७ चे चित्र सावकाश चालवून २५ शी जुळवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका, कारण त्याने आवाजही सावकाश होतो आणि गाणाऱ्या बाईची पट्टी खाली उतरते.

आवाजाबद्दल एक सूचना. हँडीकॅमवर आवाज १२ बिट आणि ३२ किलोहर्ट्झ किंवा १६ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ अशा दोन प्रकारे नोंदवता येत असे, आणि अनेक कॅमेऱ्यांची मूळ मांडणी १२ बिटांची असे. प्रोजेक्ट ४८ किलोहर्ट्झचा ठेवा. एका तासाच्या अखंड फाइलीत शेवटाकडे ओठ आणि आवाज यांत किंचित अंतर पडू शकते. तारखेनुसार तुकडे केलेल्या फाइलींत ते अंतर साचत नाही, आणि वर सुचवलेल्या पद्धतीचा हा आणखी एक लाभ आहे.

एमटीएस फाइली घेताना कार्डावरून सुट्या फाइली उचलू नका. कार्डावरचे 'प्रायव्हेट' हे फोल्डर, त्यातील 'एव्हीसीएचडी' आणि त्याच्या आतले सगळे, आहे त्याच रचनेत उतरवून घ्या. ही पद्धत सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये आणली. तिच्यात लांब चित्रीकरण एका फाइलीत राहत नाही, ते २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत विभागले जाते, आणि कोणता तुकडा कोणाच्या पुढे याची नोंद बाजूच्या लहान फाइलींत असते. तुकडे टाइमलाइनवर नुसते शेजारी ठेवले तर सांध्यापाशी आवाजात क्षणभर खंड ऐकू येतो. विंडोजच्या कमांड विंडोतील कॉपी आज्ञेने ते बायनरी पद्धतीने एकमेकांना जोडून एकच फाइल केली, की हा खंड राहत नाही.

मी स्वतः लिनक्स वापरतो. तेथे डीव्हीग्रॅब हे साधन विनडीव्हीचेच काम करते, आणि जीर्ण कॅसेटींसाठी डीव्हीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर अवश्य पाहावे. एकच फीत अनेकदा चालवून प्रत्येक वेळी जो भाग चांगला वाचला गेला तो निवडून, त्या सर्वांतून शक्य तितकी निर्दोष अशी एक फाइल ते तयार करते.

प्रतिसाद ३ : प्रकाशचित्र

छायाचित्रांचा भाग मी घेतो, कारण घरगुती चित्रफितींत सर्वाधिक हेळसांड त्यांचीच होते.

अल्बममधील प्रिंटांचे मोबाइलने फोटो काढू नका, साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ते स्कॅन करा. पोस्टकार्ड आकाराचा ४ × ६ इंची प्रिंट ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० बिंदू) स्कॅन केला की २४०० × ३६०० बिंदू मिळतात, आणि १९२० × १०८० च्या चौकटीत थोडे जवळ जाण्यासाठी ते पुरतात. पूर्वीचे दोन-अडीच इंची कृष्णधवल फोटो मात्र १२०० डीपीआयवर घ्या. जुन्या अल्बमांत फोटो कोपऱ्यांत खोचलेले असतील तर अलगद काढा, पण चिकटलेला फोटो ओढून काढू नका, पानासह स्कॅन करा. पाठीमागे कोणाच्या हस्ताक्षरात नाव किंवा साल लिहिलेले असेल तर ती बाजूही स्कॅन करा. मूळ स्कॅन टिफ स्वरूपात ठेवावेत आणि संकलनासाठी त्यांची जेपेग प्रत वापरावी.

आयफोनमधील फोटो २०१७ पासून एचईआयसी स्वरूपात साठवले जातात. सगळी संकलन सॉफ्टवेअर ते नीट वाचतीलच असे नाही, तेव्हा त्यांची जेपेग प्रत करून घ्या. ते फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका, कारण तेथून साध्या रीतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि त्यातील तारखेची माहितीही निघून जाते. उभा फोटो आडवा पडलेला दिसला, तर फिरवण्याची सूचना फोटोच्या माहितीत आहे पण सॉफ्टवेअरने ती वाचलेली नाही, असे समजा. अशा वेळी फोटो खरोखर फिरवून नव्याने जतन करावा.

हँडीकॅमच्या मेमरी स्टिकवरचे फोटो बहुधा ६४० × ४८० बिंदूंचे निघतील. ते पूर्ण पडद्यावर ताणले की विटतात. त्यांना पडद्याच्या मध्यभागी लहान आकारात, साध्या गडद पार्श्वभूमीवर ठेवावे, म्हणजे ते लहान असूनही स्वच्छ दिसतात. उलट टोकाला, मोठ्या मेगापिक्सेलचे शेकडो फोटो मूळ आकारात टाइमलाइनवर ठेवले तर संगणक अडखळू लागतो. लांब बाजू ३८४० बिंदूंवर आणलेली प्रत तुमच्या कामाला पुरेशी आहे.

एक गोष्ट नवख्यांना ठाऊक नसते. फोटो किंवा क्लिप सॉफ्टवेअरमध्ये 'घेतली', तरी ती प्रोजेक्टच्या फाइलीत साठवली जात नाही, प्रोजेक्ट फक्त तिचा पत्ता लक्षात ठेवतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच एका फोल्डरात चित्रीकरण, फोटो आणि आवाज अशी उपफोल्डरे करा, सगळी सामग्री तेथे आणा आणि नंतर तिची नावे किंवा जागा बदलू नका.

फोटोवर कॅमेरा सरकवण्याचा परिणाम द्यायचा असेल तर तो फार मंद असावा आणि तो प्रत्येक फोटोवर देऊ नये. लुगड्याचे काठ, कौलांच्या ओळी, खिडकीचे गज असे बारीक तपशील सरकताना चमचमतात. त्या फोटोंना अगदी हलका ब्लर दिल्यास किंवा ते स्थिर ठेवल्यास बरे दिसते. फोटो किती वेळ ठेवावा याला सर्वसाधारण नियम पाच-सहा सेकंदांचा आहे, परंतु तुमच्याकडे ओव्या आहेत, म्हणून मी घड्याळ बाजूला ठेवून ओवीप्रमाणे फोटो बदलेन. ओळ म्हणून होते, दुसरी बाई ती उचलते, मध्ये श्वास घेतला जातो आणि जात्याची घरघर तेवढी ऐकू येते. फोटो त्या जागी बदलला तर गाणे तुटत नाही.

कृष्णाकाठ

हे सगळे वाचून आमचा बेत थोडा बदलला आहे. आधी सर्व कॅसेटी उतरवून दोन डिस्कवर ठेवू आणि चित्रफितीचे काम त्यानंतरच हाती घेऊ. ओव्यांचा नुसता आवाजही वेगळा काढून ठेवावा, अशी आईची इच्छा आहे. तो कोणत्या स्वरूपात काढावा? आणि उतरवून झाल्यावर कॅसेटींचे काय करावे?

प्रतिसाद ४ : जुनासंकलक

आवाज डब्ल्यूएव्ही स्वरूपात काढा, एमपी-३ मध्ये नको. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एफएफएमपेग हे पूरक साधन जोडल्यावर डीव्ही फाइलीतील आवाज थेट उघडते. मूळ आवाज ज्या दराने नोंदला आहे त्याच दराने ती प्रत ठेवा, आणि जात्याची घरघर किंवा आजूबाजूचा खरखराट कमी करायचा मोह झाला तर तो प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा. घरघर काढताना त्याच पट्टीतला गाणारीचा खर्जही जातो.

प्रत्येक फाइलीबरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवा आणि तिच्यात गाणाऱ्या बाईंचे नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, चित्रीकरणाची तारीख आणि ओव्यांचे शब्द लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी महाराष्ट्रातील गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळ ओव्या आज 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तेथे प्रत्येक गाणारीचे नाव आणि गाव दिलेले आहे, आणि त्यामुळेच ती ओवी कोणाची, कुठली, हे आज आपल्याला कळते. तुमच्या गावातील ज्या बाई अजून आहेत, त्यांना या फाइली ऐकवून शब्द आताच लिहून घ्या. चित्रफीत पुढच्या वर्षीही होऊ शकेल, पण अस्पष्ट ऐकू येणारा शब्द सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही.

कॅसेटी टाकून देऊ नका. एखाद्या फाइलीत दोष निघाला तर परत जाण्याची तीच एक जागा आहे. फीत पूर्ण मागे फिरवा, कॅसेट तिच्या डबीत घाला आणि डब्या आडव्या न रचता उभ्या ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून तो डबा लोखंडी कपाटात, स्पीकर आणि चुंबकांपासून दूर ठेवा. मृग नक्षत्र लागण्याआधी पुड्या बदला किंवा उन्हात वाळवून पुन्हा घाला. हँडीकॅम आणि त्याची केबलही त्याच डब्यात राहू द्या, आणि अधूनमधून बाहेर काढून कॅमेरा थोडा वेळ चालवा, कारण न चालवलेल्या कॅमेऱ्यातील रबरी भाग कॅसेटीच्या आधी निकामी होतात.